नाखवांच्या पाच केबिनी

घराचं माप घ्यायची नाखवांची स्वतःची एक पद्धत होती. टेप, फूटपट्टी असल्या वस्तूंवर त्यांचा विश्वास नव्हता. ते जमिनीवर उताणे पडत, दोन्ही कोपरं बाहेर काढत, एकदा या कुशीवर आणि एकदा त्या कुशीवर वळत, आणि मग उठून कपडे झटकत म्हणत, "झालां. येवढां बस झालां." कुवेतमधल्या अम्गराच्या आमच्या यार्डात, भर दुपारी, तापलेल्या पोर्टाकॅबिनमध्ये मेंदी लावलेल्या दाढीचा एक गृहस्थ असा लोळताना मी पहिल्यांदा पाहिला, तेव्हा त्याला ऊन लागलं असं समजून मी पाण्याची बाटली घेऊन धावलो. त्यांनी बाटली घेतली, निम्मी संपवली आणि मला विचारलं, "ही बरीच लांब हाय. मधोमध कापून द्याल काय?"

लढाई संपून कुवेत पुन्हा उभं राहत होतं, त्या काळातली ही गोष्ट. मी पुण्याहून तिथे जाऊन जुन्या केबिनी विकणाऱ्या एका यार्डात चिकटलो होतो. बांधकामं संपली की साइटवरच्या केबिनी आमच्याकडे यायच्या. आम्ही त्यांची डागडुजी करून, रंगाचा एक हात मारून पुन्हा विकायचो. येणारं प्रत्येक गिऱ्हाईक मोठी केबिन मागायचं. असलेली कापून लहान करून मागणारा माणूस माझ्या उभ्या कारकिर्दीत हा एकच.

"अहो, कापली तर तिची किंमत जाईल," मी म्हणालो.

"किमतीत कोण राहणार हाय? माणूस राहणार." मग माझ्या कपाळावरच्या आठ्या पाहून त्यांनी आवाज खाली आणला. "कसां हाय, मोठी केबिन म्हणजे इमारत. तिला परवाना लागतां. येवढीशी असली म्हणजे हारिसची. तिला कोण विचारीत नाय."

हारिस म्हणजे इमारतीचा राखणदार. कुवेतमध्ये जिथे तिथे दाराशी त्याची एक चिमुकली खोली असते. एक खाट, एक खिडकी, एक धापा टाकणारा एसी. बलदियाच्या, म्हणजे तिथल्या नगरपालिकेच्या नियमात अशा खोलीला जागा आहे, हे या माणसानं हेरून ठेवलं होतं. त्यांना अशा पाच हव्या होत्या. पाच हारिस लागतील असली कुठली इमारत आहे तुमची, असं मी विचारलं, तर म्हणाले, "मशीद."

हुसैन नाखवा रत्नागिरीकडचे, खाडीकाठच्या एका गावचे. सलवामधल्या एका लहान मशिदीत ते फर्राश होते. झाडलोट करायची, गालिचे झटकायचे, दिवे लावायचे, पाण्याचा कूलर भरलेला ठेवायचा, असं काम. राहायला मशिदीच्याच आवारात मागच्या बाजूला एक खोली. मीही सलवात राहायचो, मशिदीपासून दोन गल्ल्या सोडून. पण यार्डात ते लोळेपर्यंत आमची गाठ पडली नव्हती. पुढची दहाएक वर्षं मात्र हा माणूस माझ्या मानगुटीवर बसला तो बसलाच.

केबिनी कोणासाठी, हे मला हळूहळू कळलं. कंपन्या बुडायच्या. मालक गायब व्हायचे. मजुरांचा कॅम्प बंद व्हायचा आणि माणसं रस्त्यावर. त्यांनी कंपनीवर तक्रार नोंदवलेली असायची, पासपोर्ट मालकाकडे अडकलेला असायचा. निकाल लागेपर्यंत परत जाता येत नाही, दुसरीकडे काम धरता येत नाही. बाहेर जायचं दार बंद आणि आत बसायला जागा नाही, अशी गत. ही माणसं मशिदीच्या ओट्यावर झोपायची. सलवा ही कुटुंबांची वस्ती. तिथे बॅचलरनी राहायचं नाही असा नियम. आणि कुवेतमध्ये बॅचलर कोण? तर ज्याची बायको इथे नाही तो. गावाला बायको, चार मुलं आणि दोन जावई असलेला आजोबासुद्धा तिथे बॅचलरच. माझी बायको सुनंदा आणि मुलगी मुक्ता माझ्याबरोबर होत्या, म्हणून मी माणसांत जमा होतो. ओट्यावरच्या बॅचलरांबद्दल शेजाऱ्यांनी कुरकूर सुरू केली, तेव्हा मशीद ज्यांनी बांधली त्या म्हाताऱ्या हज्जींना नाखवांनी गाठलं. हज्जींचं लहानपण मुंबईत गेलेलं, वडील गलबतातून आपल्या किनाऱ्यावर लाकूड न्यायला यायचे. ते मोडक्या हिंदीत म्हणाले, "पीछे जगह है, रखो. लेकिन कायदे से रखो."

कायदे से! तिथूनच सगळं सुरू झालं.

त्या केबिनी कापल्या दत्ताराम सुतारानं. हा गुहागरकडचा, स्वतःच ओट्यावर झोपणाऱ्यांपैकी एक. हाताला चांगला आणि तोंडानं मुका म्हणावा इतका कमी बोलणारा. आमच्या यार्डात त्यानं अडीच लांब केबिनींच्या पाच लहान केल्या, उघड्या बाजूंना प्लाय ठोकला, खिडक्या बसवल्या. नाखवा रोज असरची, म्हणजे तिसऱ्या प्रहरची, नमाज आटोपून यायचे आणि त्याच्या डोक्यावर उभे राहून चुका काढायचे. चुका नसायच्याच, तरी काढायचे. एका गोष्टीवर मात्र ते हटूनच बसले. कॅम्पातून आलेल्या त्या केबिनींना बाहेरून कडी-कोयंडे होते. ते सगळे काढून टाकायचे, भोकं बुजवायची आणि आतून कडी लावायची.

"बाहेरून कुलूप लावायला नको का?" मी विचारलं. "सामान चोरीला गेलं तर?"

"सामान कुठां हाय त्यांच्याकडं? कडी आतून पायजे. माणसाला आपलां दार आपल्याला लावता आलां पायजे, बस."

पाचही दारांना आतून कड्या लागल्या. नाखवांनी प्रत्येक केबिनीत जाऊन कडी लावून पाहिली. पाचव्या केबिनीत गेले आणि बराच वेळ बाहेरच आले नाहीत. आम्ही दार ठोठावलं तर आतून आवाज, "थांबा ओ. मी बगतोय कसां वाटतां ते."

आता हा माणूस दयाळू-बियाळू होता असं चित्र तुमच्या डोळ्यांसमोर उभं राहत असेल तर ते पुसून टाका. नाखवा महा खाष्ट. दाढीच्या मेंदीचा रंग जरा फिका आला तर दिवसभर कोणाशी धड बोलायचे नाहीत. कॅरममध्ये उघडउघड लबाडी करायचे. समोरच्यानं चहाचा कप तोंडाला लावला की राणी सरकत सरकत नाखवांच्या भोकाशी आलेली असायची. "वाऱ्यानं सरकली," असं सांगायचे. बंद खोलीत! कोणाचे आभार मानणं त्यांच्या रक्तातच नव्हतं. मी त्यांच्यासाठी यार्डात मालकाशी भांडून सवलत मिळवली, तर मला म्हणाले, "रंग बेकार दिलाव."

आणि नवा माणूस दाराशी आला की त्याचं नावगाव नंतर. पहिला प्रश्न ठरलेला, "काय काम येतां?"

बिचारा सगळं गमावून आलेला असायचा. रडकुंडीला येऊन म्हणायचा, "काही पण करीन, चाचा." की नाखवा भडकलेच. "काय पण म्हणजे माल! गलबतावर दोनच असतात, खलाशी नायतर माल. माल किनाऱ्याला उतरवतात. नीट सांग." त्यांचे वाडवडील गलबतांवर तांडेल होते. आवाराच्या भिंतीच्या आत तेच राज्य चालायचं. तिथे राहायचं तर मशिदीचं काहीतरी काम अंगावर घ्यायचंच. एकाकडे चपलांचे खण, एकाकडे कूलर, एकाकडे गालिचे, एकाकडे वजूचे, म्हणजे नमाजाआधी हातपाय धुण्याचे, नळ. दत्ताराम हिंदू, तर त्याच्याकडे मशिदीतलं सगळं लाकूडकाम. खुतब्याच्या, म्हणजे शुक्रवारच्या प्रवचनाच्या, चौथऱ्याची निखळलेली पायरी त्यानं अशी बसवली की हज्जी तिच्यावर तीनतीनदा चढून उतरून बघत होते. माणूस सुटून गावाला जायला निघाला की आपलं काम मागच्याच्या हवाली करायचा. चपलांचे खण सोपवताना एक विजापूरकडचा गवंडी ढसाढसा रडला होता, आणि नाखवा त्याला ओरडत होते, "रडतोस काय, त्याला नीट दाखव, पोरांच्या चपला खालच्या खणात!"

मला आधी वाटायचं ही नुसती शिस्तीची हौस. पण त्यामागे हिशेब होता, आणि तो बलदियाचा इन्स्पेक्टर आला त्या दिवशी मला समजला.

कोणीतरी तक्रार केली असावी. विक्रीची पावती घेऊन या म्हणून नाखवांनी मला बोलावलं. इन्स्पेक्टर तरुण कुवेती, पांढऱ्या शुभ्र पायघोळ दिशदाशातला, बोलायला मऊ. त्यानं पाचही केबिनी पाहिल्या, मापं घेतली. टेपनं घेतली, लोळून नाही. मापं नियमात बसत होती. मग त्यानं विचारलं, की एवढ्याशा मशिदीला पाच राखणदार कशाला? नाखवांनी माणसं ओळीनं उभी केली आणि आपल्या अरबीत सांगायला लागले. त्यांची अरबी ऐकून इमामसाहेब कानावर हात ठेवायचे, पण गाडी थांबायची नाही. हा चपलांचा राखणदार. हा पाण्याचा. हा गालिच्यांचा. हा नळांचा. दत्तारामापाशी आले तेव्हा इन्स्पेक्टरनं त्याचं नाव विचारलं. दत्ताराम म्हणाला, "दत्ताराम." खोटं नाव सांगता आलं असतं, पण नाखवांनी ती वाट धरली नाही. ते त्या इन्स्पेक्टर पोराला मनगटाला धरून आत घेऊन गेले आणि त्याला दत्तारामनं बसवलेल्या चौथऱ्याच्या पायरीवर उभं केलं.

बाहेर आला तेव्हा इन्स्पेक्टर हसत होता. पण नियम तो नियम. त्यानं समजावून सांगितलं, अगदी वडीलधाऱ्यांना सांगावं तसं. मशिदीच्या जागेत राहायचा हक्क तिघांना, इमाम, बांग देणारा आणि नेमलेला फर्राश. चपलांचा राखणदार असं पद सरकारदरबारी नाही. तेव्हा या केबिनी तो हुसैन नाखवांच्या राहत्या जागेचाच भाग म्हणून धरतो, आणि ही माणसं त्यांचे पाहुणे. तसं तो लिहून देईल. नाखवा या मशिदीचे फर्राश आहेत आणि या खोलीत राहतात तोवर केबिनी राहतील. ज्या दिवशी ते ही जागा सोडतील, त्या दिवशी केबिनी उचलायच्या.

कसला आनंद झाला म्हणून सांगू! नाखवांनी मोठं पातेलंभर शेवयांची खीर केली. शेजारपाजारी वाटली, कुरकूर करणाऱ्यांना तर आधी वाटली. माझ्या घरी स्वतः डबा घेऊन आले आणि सुनंदाला म्हणाले, "वहिनी, सरकारी शिक्का मिळाला! आता कोणाच्या बापाची ताकद नाय." आम्हीही मिटक्या मारत खीर खाल्ली. त्या लिहून दिलेल्या अटीत आपण नाखवांना कोंडून घातलंय, हे खीर खाताना आमच्यापैकी एकाच्याही डोक्यात आलं नाही. त्यांच्याही नाही.

ते डोक्यात आलं पुढच्या उन्हाळ्यात, रजेच्या वेळी. नाखवा रजेवर जाणार तर मशिदींच्या सरकारी खात्याकडून बदली फर्राश येणार, तो त्या खोलीत राहणार, आणि त्याच्या नावावर काही केबिनी नव्हत्या. तेव्हा पाचांपैकी चार केबिनी भरलेल्या होत्या. नाखवा दोन दिवस विचार करत हिंडले आणि मग म्हणाले, "हिवाळ्यात जाईन. तवर ही लोकं सुटतील."

हिवाळ्यात एकटा दत्ताराम सोडून ती माणसं सुटली, आणि तो तेवढ्यापुरता आमच्या यार्डात झोपणार होता. नाखवांनी तिकीट काढायला मला सांगितलं, आणि त्याच आठवड्यात कुठलीशी सफाईची कंपनी बुडून आणखी तिघं दारात उभे. "काय काम येतां?" नाखवांनी विचारलं. त्या दिवशी त्यांचा आवाज नेहमीपेक्षा मोठा होता.

असं वर्षामागून वर्ष गेलं. गावाकडे त्यांनी खाडीकडे तोंड करून घर बांधलं होतं. म्हणजे पैसे त्यांनी पाठवले, बांधून घेतलं त्यांच्या बायकोनं, हमीदाभाभींनी. नाखवांनी ते फोटोतच पाहिलेलं. भिंतीला हिरवा रंग सांगितला होता, फोटोत तो निळा दिसायचा, आणि दर शुक्रवारी फोनवर नवराबायकोचं त्या रंगावरून भांडण व्हायचं. मशिदीच्या फोनवरून घरचं बोलायचं नाही हा त्यांचाच नियम, म्हणून फोन आमच्या घरून. आम्ही टीव्ही बंद करून स्वयंपाकघरात जाऊन बसायचो. आवाज चढला की भांडण रंगाचं आहे असं समजायचो. आवाज खाली गेला की सुनंदा माझ्याकडे बघायची नाही, कणीक मळत बसायची.

त्यांच्या मुलाचा निकाह ठरला तेव्हा मात्र ते जाणारच होते. सगळं ठरलं होतं. अम्गरातल्या भंगारवाल्याकडून त्यांनी घराच्या मोठ्या दारासाठी एक जुनी पितळी कडी पैदा केली होती. चिंच आणि राख लावून ती अशी घासली होती की डोळे दिपावेत. "माझ्या दाराला माझ्या हातानं लावणार," म्हणाले. बॅगेत सगळ्यात तळाला कडी, वर सुनेचं कापड. आणि निघायच्या आधी एका केबिनीतला माणूस आजारी होऊन इस्पितळात पडला. त्याच्या निकालाची तारीख तोंडावर. केबिनी उचलल्या की बाकीचे रस्त्यावर, आणि हा बरा होऊन येणार तो कुठे? हज्जी तोवर अंथरुणाला खिळले होते. इन्स्पेक्टरकडे नाखवा स्वतः जाऊन आले. त्यानं सहानुभूतीनं ऐकून घेतलं, आणि अट काही बदलली नाही. त्याच्या हातात नव्हतीच ती.

निकाह त्यांनी आमच्या सोफ्यावर बसून ऐकला. नवा पठाणी, मेंदी ताजी, अत्तर लावलेलं. रिसिव्हर कानाला घट्ट धरून ताठ बसले होते. तिकडे काझींनी विचारलं आणि मुलानं "कबूल" म्हटलं, ते नाखवांनी मान हलवून आम्हाला खुणेनं सांगितलं. मग फोन भाभींनी घेतला असावा. कारण नाखवा नुसतंच "हां... हां..." म्हणत राहिले आणि शेवटी म्हणाले, "येतो गो. आता येतोच." फोन ठेवल्यावर त्यांनी सुनंदाच्या हातच्या करंज्या मागून घेतल्या, केबिनीतल्या लोकांसाठी बांधून घेतल्या, आणि करंज्यांत सारण कमी आहे असं सांगून गेले.

मुक्ता तेव्हा शाळकरी. ती दारात उभी राहून सगळं पाहत होती. ती मला म्हणाली, "बाबा, व्हाय डझन्ट ही जस्ट गो?"

खरं सांगायचं तर मला त्या माणसाचा राग येत होता. कोणी सांगितलं होतं? त्या पाच जणांचे कोण लागतात हे? स्वतःचा मुलगा तिकडे घोड्यावर आणि हा इकडे कूलर भरतोय. मी एकदा तोंडावर बोललोही. नाखवा गालिचा झटकत होते. म्हणाले, "तुमाला काय वाटतां, मना हौस हाय? शिव्या देतो मी त्यांना. रोज देतो. झोपताना देतो." आणि मग गालिचा खाली टाकून, "पण आतून कडी लावून झोपलेल्या माणसाला मी उठवू कसा, तां सांगा."

दत्ताराम सुटला तेव्हा मी तिथे होतो. त्याचा खटला सगळ्यात जास्त रेंगाळला. निघताना तो पाया पडायला वाकला तर नाखवांनी त्याला वाकूच दिलं नाही, वर चौथी पायरी कुरकुरते म्हणून ओरडले. चौथऱ्याला पायऱ्या तीनच होत्या. दत्ताराम हसला. इतक्या वर्षांत मी त्याला हसताना पाहिलं ते तेवढंच. गाडी वळेपर्यंत नाखवा चपलांच्या खणापाशी पाठमोरे उभे होते, आणि खण तर रिकामे होते.

मग एका वर्षी सरकारनं माफी जाहीर केली. परवान्याशिवाय अडकलेल्या लोकांनी ठरावीक मुदतीत दंड न भरता, कसलीही चौकशी न होता परत जावं. सगळ्या कुवेतभर धावपळ उडाली. नाखवांनी आपली सगळी माणसं स्वतः नेऊन, रांगेत उभी करून, एकेकाला विमानात बसवलं. शेवटचा गेला आणि पाचही केबिनी पहिल्यांदा एकाच वेळी रिकाम्या झाल्या. मुदत संपली तरी नाखवा पुढे महिनाभर थांबले. रोज संध्याकाळी फाटकाशी खुर्ची टाकून बसायचे. कोणी आलं नाही. त्यांनी राजीनामा दिला.

त्या दिवशी दुपारचं विमान होतं. आदल्या शुक्रवारी फोनवर रंगाचं भांडण झालंच नव्हतं. "कुठला पण असूंदे," असं त्यांनी म्हटलेलं आम्ही स्वयंपाकघरातून ऐकलं होतं. मी सकाळी गाडी घेऊन गेलो. केबिनी उचलायला आमच्याच यार्डाची क्रेन आली होती. माझ्याच सहीनं आली होती. नाखवांनी बॅग माझ्या डिकीत ठेवली आणि म्हणाले, "पयली उचललेली बगतो नि निघू."

उचलताना दारं उघडू नयेत म्हणून क्रेनवाल्यांनी प्रत्येक दारावर बाहेरून लोखंडी पट्टी ठोकली होती. नाखवांनी त्या पट्ट्यांकडे पाहिलं आणि नजर फिरवली. पट्टे आवळले, साखळ्या ताणल्या, आणि दत्तारामनं स्वतः जिच्यात इतकी वर्षं काढली ती पहिली केबिन जमिनीवरून उठली. तिच्याखाली वाळूचा एक फिकट चौकोन राहिला.

तेवढ्यात फाटकात एक माणूस उभा दिसला. हातात प्लास्टिकची पिशवी, ओठ फुटलेले, डोळे लाल. चाळिशीतला असेल, पण साठीचा वाटत होता. क्रेनकडे बघत होता. मी पुढे झालो. तो परभणीकडचा निघाला. ड्रायव्हर म्हणून आणलं आणि जहराच्याही पुढे, वाळवंटात शेळ्यामेंढ्या राखायला ठेवलं. पाणी घेऊन येणाऱ्या टँकरवाल्यानं दया येऊन गाडीत घातलं, या मशिदीचं नाव सांगितलं आणि इथवर सोडलं.

"माफी होती ना रे," मी म्हणालो. "अख्खा देश चालला होता!"

"कुनी सांगितलंच न्हाई, साहेब. तिथं मान्सं कुटं हायती? समदी मेंढरंच."

नाखवा आले. त्यांनी सगळं ऐकलं होतं. त्यांचं तोंड असं झालं होतं की मला वाटलं आता हे या माणसाला मारणार. "मेल्या," ते ओरडले, "कुठं मेला होतास इतके दिवस? एक दिवस! एक दिवस उशिरा आला असतास तर मी सुटलो असतो रे!" त्यांचा आवाज चिरकला. तो माणूस घाबरून दोन पावलं मागं सरला, पिशवी छातीशी धरून. "जातो चाचा," म्हणाला, आणि खरंच वळला. पण जाणार कुठे? फाटकाबाहेर रस्त्याच्या दोन्ही टोकांना आळीपाळीनं बघत तिथेच उभा राहिला.

मी नाखवांचा दंड धरला. "चाचा, चला. विमान चुकेल. मी बघतो याचं काय ते." मी काय बघणार होतो, देव जाणे. माझ्या घरी त्याला ठेवणं नियमात बसत नव्हतं, आणि त्या क्षणी माझी छातीही नव्हती. नाखवांना ते माझ्याआधी कळलं असावं.

केबिन अजून हवेत होती, हळूहळू गोल फिरत. नाखवांनी माझा हात सोडवला. त्यांनी आपला उजवा हात वर केला, तळवा खाली केला, आणि क्रेनवाल्याकडे बघत तो दोनदा खाली दाबला. यार्डात इतकी वर्षं येऊन येऊन ते ही खूण शिकले होते. क्रेनवाल्यानं माझ्याकडे पाहिलं. मी काहीच खूण केली नाही. केबिन खाली आली आणि जवळजवळ त्याच चौकोनावर बसली.

"ए," नाखवांनी फाटकाबाहेर हाक मारली. "काय काम येतां?"

"कायबी करतो, चाचा."

"काय पण म्हणजे माल. नीट सांग."

त्या माणसानं पिशवी खाली ठेवली. "ड्रायवरच हाय मी," तो म्हणाला. "गाडीची बारीकसारीक दुरुस्ती येती. नटबोल्ट."

"मग पेचकस धरतां येतां. ये आत."

दाराची पट्टी नाखवांनी स्वतः पहारीनं उचकटली. पट्टीचे खिळे आरपार गेले होते. दार उघडलं तशी आतली कडी वाकून तुटून हातात आली. नाखवा तिच्याकडे बघत उभे राहिले. मग माझ्याकडे वळून म्हणाले, "आपटेभाऊ, डिकी उघडा."

मला वाटलं, आता बॅग उतरवून घेणार. त्यांनी बॅग डिकीतच उघडली, भाभींसाठी घेतलेली कापडं बाजूला सारली आणि तळातून ती पितळी कडी काढली. फडक्यात गुंडाळलेली होती. उन्हात अशी चमकली की डोळ्यांवर हात धरावा लागला. त्यांनी ती त्या माणसाच्या हातात दिली.

"आतून लाव," म्हणाले.

दार सैल झालं होतं, कडी बसवेपर्यंत ते कोणीतरी बाहेरून दाबून धरायला हवं होतं. तो माणूस आत गेला. नाखवांनी दार लोटलं आणि त्याला पाठ लावून, पाय वाळूत रोवून ते उभे राहिले. आतून पेचकस फिरल्याचा आवाज येत होता. मी घड्याळ दाखवलं. त्यांनी मान हलवली, नाही म्हणून. "राजीनामा मागं घ्यायला उद्या खात्यात जाईन. हमीदाला तुमीच फोन करा," म्हणाले. "मना तिच्याशी आज बोलता यायचां नाय."

मी बॅग उतरवून त्यांच्या खोलीच्या दाराशी ठेवली आणि गाडीत बसलो. पुढच्याच महिन्यात माझी बदली झाली आणि आम्ही कुवेत सोडलं. तोवर भेटी झाल्याच, पण नाखवा माझ्या डोळ्यांसमोर राहिले ते त्या दिवशीचे, आरशातले. ते त्या दाराला पाठ लावून उभे होते आणि डोकं जरा तिरकं करून, कडी नीट बसते की नाही ते ऐकत होते.